मागच्या खोलीतला रेडिएटर

आमच्या गल्लीत थंडी वाजली तर स्वेटर चढवायचा, हीटिंगला हात लावायचा नाही, असा रिवाज आहे. मेव्हिस क्रॅब्ट्री तो जरा जास्तच कडक पाळते. थंडी सरली की ती घरभर फिरून खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरांच्या व्हॉल्व्हवरच्या टोप्या गच्च पिळून बंद करते. उन्हाळ्यात कुणी ऊब चोरून नेईल, अशी तिला भीती असावी.

यंदा नोव्हेंबरात तिने टोप्या उघडल्या. घर तापलं, मागच्या खोलीतला रेडिएटर मात्र गारच. एरवी तिने त्या खोलीचं दार ओढून घेतलं असतं आणि विषय संपला असता. पण तिथे तिची धाकटी बहीण डोरीन राहायला यायची होती, खुब्याचं हाड मोडून घेऊन. हॉस्पिटलची मिस मलिक त्याच दुपारी खोली बघायला येणार होती. खोली गार निघाली तर डोरीनची रवानगी थेट वृद्धाश्रमात.

"क्लिफला बोलाव," मी म्हटलं.

"नको बाई. त्याने माझी पन्हाळ साफ केली, त्याचा केक अजून द्यायचाय. आणि कुंपणाची फळी ठोकली, त्याचाही राहिलाच."

आमच्याकडे उपकार असे केकवर तोलले जातात, आणि शेजारच्या क्लिफ सगडनच्या खात्यात मेव्हिस पार बुडालेली आहे. मग मीच भिंतीवरून हाक मारली. एक केक माझ्या नावावर चढला.

क्लिफ बूट दारात काढून, मोज्यांवर वर आला. आधी त्याने रेडिएटरची हवा काढायची छोटी चावी लावली. लगेच पाण्याचे थेंब आले.

"हवा अडकलेली नाही," तो म्हणाला. "खालचा पाइप व्हॉल्व्हपर्यंत गरम आहे, पुढे बर्फ. व्हॉल्व्हच बसलाय."

त्याने प्लास्टिकची टोपी फिरवून काढली. आत पेन्सिलीच्या टोकाएवढी पितळी खिळी होती. टोपी आवळली की ती दाबली जाऊन पाणी अडतं; टोपी उघडल्यावर ती वर यायला हवी, ती खाली रुतून बसली होती.

"पक्कड घे आणि उपट की," मेव्हिस म्हणाली.

"उपटली तर ती माझ्या हातात येईल आणि पाणी तुझ्या छताला लागेल. सहा महिने तू तिचा गळा आवळून ठेवलास मेव्हिस, आता जरा दमानं घे."

त्याने तेलाचा थेंब सोडला, पान्याच्या दांड्याने बाजूने हलकेच टकटक केलं, खिळी जरा दाबली, जरा सोडली. बराच वेळ काही नाही. मेव्हिस डोरीनच्या पलंगावरची चादर उगाच पुन्हा पुन्हा सारखी करत होती. मग खिळी टुणकन वर आली आणि रेडिएटरच्या पोटात गुडगुड सुरू झाली. क्लिफने टोपी परत बसवली, पूर्ण उघडी ठेवून.

आम्ही खाली चहाला बसलो. मेव्हिस मध्येच उठून वर जाऊन आली. कप रिकामे झाल्यावर आम्ही वर गेलो, तर रेडिएटर कोमट, आणि खोली पुन्हा गार व्हायला लागलेली.

क्लिफने टोपीकडे पाहिलं. ती गच्च बंद होती. तो मेव्हिसकडे वळला.

"ती बाई यायला अजून वेळ आहे," मेव्हिस पुटपुटली. "तोवर रिकामी खोली कशाला तापवायची? आता उघडणारच होते."

टोपी उघडून उपयोग नव्हता. खिळी परत रुतली होती. क्लिफने टोपी काढली. तो पुन्हा गुडघ्यांवर बसला, पुन्हा तेल, पुन्हा टकटक. खिळी वर आली, तशी त्याने टोपी उचलून खिशात टाकली.

"अरे, ती बसव ना."

"टोपी नसली की खिळी दाबायला कुणी नाही. रेडिएटरमध्ये गरम पाणी फिरत राहील. मे महिन्यात ये माझ्याकडे मागायला."

"म्हणजे रात्रभर चालू?"

"डोरीनचं हाड रात्री दुखायचं थांबणार आहे का?"

मेव्हिसने चादर आणखी एकदा सारखी केली.

मिस मलिक आली. पलंगाची उंची पाहिली, खिडकी पाहिली. आम्ही दोघी तिच्या कोटाकडे बघत होतो. आमच्या घरांत पाहुणा कोट काढत नाही, नुसती वरची बटणं सोडतो. ती दोन मिनिटं बोलली, मग कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"छान ऊब आहे इथे," ती म्हणाली. "पण याची टोपी कुठे गेली?"

"शेजाऱ्याकडे," मेव्हिस म्हणाली. मग जरा थांबून, "माझ्या हाताशी असली तर मी बंद करते. म्हणून."

मिस मलिक हसली. "मग तिथेच राहू दे, मिसेस क्रॅब्ट्री. उद्या दुपारी बहिणीला घेऊन येतो आम्ही."

ती गेल्यावर मेव्हिस रेडिएटरवर तळवा ठेवून बराच वेळ उभी राहिली. अंगातला स्वेटर तिने काढला आणि घडी करून डोरीनच्या उशाशी ठेवला.

"अशाने लाडावेल हं ती," म्हणाली, आणि केकसाठी लोणी बाहेर काढायला खाली गेली.