मागे पडलेली झील

"पाठ फिरवून बसा रे सगळे," अनिश म्हणाला, "आणि चोरून कोणी बघायचं नाय. देवाशपथ!"

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत अनिशचं आंब्याच्या पेट्यांचं गोदाम होतं. मोसम नसला की तिथे त्याच्या ऑर्केस्ट्राच्या तालमी चालत. ढोलकीवाले आत्मारामकाका आणि गाणारी अवनी रिकाम्या पेट्यांवर भिंतीकडे तोंड करून बसले. विनोदने गिटार गळ्यात अडकवली. त्याच्या एका बाजूला जुना व्हॉल्व्हचा अँप्लिफायर, गोव्याच्या एका हॉटेलातून आणलेला, उचलायला दोन माणसं लागावीत असा. दुसऱ्या बाजूला मुंबईहून आलेला डिजिटल डबा, पोथीएवढा. डझनभर अँप्लिफायरांचे आवाज म्हणे त्यात भरलेले. दोघांतला कुठला माघी गणपतीच्या कार्यक्रमाला न्यायचा, ते आज ठरणार होतं. जुना हरला तर गोव्याचा माणूस तो परत न्यायला तयार होता.

विनोदने दोन्हींवर गेनचं बटण आवाज फाटेपर्यंत चढवलं आणि तेच तुकडे आळीपाळीने वाजवले. कॉलेजच्या पोरांना हवा असतो तसला, करवतीसारखा आवाज गोदामभर घुमला.

"दुसरा!" आत्मारामकाकांनी मांडीवर थाप मारली. "दुसरा आपला म्हातारा. काय गरम आवाज! लपतो होय?"

"दुसरा तर डबा होता, काका," अनिश म्हणाला.

अवनी खो खो हसली. काकांनी कान खाजवला. "मग डब्यातच म्हातारा भरलानीत की तुम्ही!"

विनोदही हसला. डब्याचा आवाज चांगला होता, ते त्याच्याही कानांनी कबूल केलं होतं. घरघर नाही, खरखर नाही.

"आवाजाचं नाय हो अनिशभाऊ," तो म्हणाला. "हाताला कळतं. तळव्याने तार दाबून ठोका मारला ना, की म्हातारा आधी जरा दबतो नि मग अंगावर येतो. सूर धरून ठेवला की आपणहून गायला लागतो. डबा पण गातो, पण मागून. झील मागे पडते."

"विनूदादा, गिटारला कसली आलीय झील?" अवनी म्हणाली.

तिला काय सांगणार? विनोदचे वडील केरू जन्मभर भजनीबुवांच्या मागे झीलकरी म्हणून उभे राहिलेले. बुवांनी ओळ टाकावी आणि त्यांचा श्वास सुटायच्या आत केरूंनी ती वरच्या वर झेलावी. देवळातल्या बायका म्हणत, बुवा एक आणि गळे दोन. विनोद त्या टाळकऱ्यांच्या पायाशी बसून वाढला होता. पाठीमागे कोणी उभं आहे, हे त्याला वळून न बघता कळायचं. त्या जुन्या धुडापुढे वाजवताना कळायचं तसंच. डब्यापुढे पाठ उघडी पडल्यासारखी वाटे. पण हे दाखवायचं कसं?

"परत वाजव बघू," अनिश म्हणाला. "मी डोळे मिटतो."

विनोदने जुन्यावर एक सूर लावला, धरला. तो फुलायला लागला, आणि नेमकी शेजारच्या कारखान्यात कसलीशी मोटर सुरू झाली. दिवे पिवळे झाले. अँप्लिफायरचा आवाज बसत बसत गेला आणि शेवटी नुसती फरफर उरली. डब्यावरचा हिरवा दिवा मात्र ढिम्म हलला नाही.



"मला काय हौस नाय, विन्या," अनिश हळूच म्हणाला. "पण देवापुढे स्टेजवर असा बसला तर?"

 अँप्लिफायर गार होईपर्यंत विनोद त्याच्यावर हात ठेवून उभा राहिला. मग त्यानेच त्यावर गोणपाट घातलं.

घरी पोचला तेव्हा आई तुळशीपुढे दिवा लावत होती. केरू खाटेवर भिंतीला टेकून होते. पावसाळ्यात अर्धांगाचा झटका आल्यापासून उजवं अंग गेलं होतं, जीभ जड झाली होती. दिवेलागणीचा नामघोष मात्र चुकला नव्हता. विनोद ओळ टाकायचा, आणि वडिलांची झील यायला उशीर लागला की तीही आपणच म्हणून टाकायचा. ती मधली रिकामी जागा त्याला सोसायची नाही.

"आज तरी त्यांच्या तोंडातली ओळ ओढू नको मेल्या," आई म्हणाली. "त्यांना म्हणायची असते."

विनोदने टाळ घेतले. "जय जय राम कृष्ण..."

आणि थांबला.

केरूंच्या ओठांचा डावा कोपरा हलला. गळ्याची शीर फुगली. डोळे देव्हाऱ्यावरून विनोदकडे आले, घाबरल्यासारखे. विनोदच्या जिभेवर पुढचा शब्द तयार होता. त्याने तो गिळला. टाळ किणकिणू नयेत म्हणून तळव्याने घट्ट दाबून धरले.

बाहेर कोणाची तरी सायकल गेली. देव्हाऱ्यातल्या दिव्याची वात आईने पुढे सारली.

"...री," केरू म्हणाले.

विनोदने तळवा काढून टाळ वाजू दिले.