एकोणीस जणांचा गटनेता

दोलोतबेक शेरिपोव खोलीत आला तेव्हा कुणीही उठलं नाही. उलकानही बसूनच राहिली. आत्बाशीच्या शाळेत बावीस वर्षं गणित शिकवून ती दोन वर्षांपूर्वी बिश्केकला संसदेत आली होती, आणि तेव्हापासून पक्षाच्या या गटनेत्यानं तिचं एक वाक्य धड पुरं होऊ दिलं नव्हतं. आज त्याच्या खुर्चीचा निकाल लागायचा होता. तिला मनातून बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाजही वाटत नव्हती.

नोव्हेंबरात विजेचे दर दुप्पट करणारा कायदा त्यानं रेटून नेला होता. जानेवारीत तिच्या गावाकडे, नारीन भागात, थंडी उणे तीसवर गेली आणि लोक एकाच खोलीत अख्खं घर कोंडून राहू लागले. तालासच्या बाजारात बायकांनी त्याची गाडी अडवली, काचेवर थुंकल्या. शरदात निवडणूक होती. पक्षाच्या बाकीच्या अठरा खासदारांपैकी एकालाही त्याच्यासोबत फलकावर आपला फोटो नको होता.

बैठक बोलावली होती किलिचबेकनं. तो उपनेता, चाळिशीचा, गोड बोलणारा. त्यानं स्वतः उठून सगळ्यांना चहा दिला. दोलोतबेकच्या पुढ्यातला प्याला मात्र त्यानं काठोकाठ भरला. इकडे पाहुण्याला अर्धाच प्याला देतात, पुन्हा पुन्हा भरता यावा म्हणून. भरलेला प्याला म्हणजे, उठा आता.

दोलोतबेकनं तो शांतपणे उचलला आणि तळापर्यंत प्यायला. "साखर कमी आहे," तो म्हणाला. "हं, सुरू करा. कोण पहिला चावतोय?"

"बायके, राग मानू नका," किलिचबेक म्हणाला. त्याच्या तोंडचं हे 'दादा' ऐकून दोघंतिघं हसले. "आम्ही पक्षाचा विचार करतोय."

"पक्षाचा? तू आरशात पाहून विचार करतोस, ते मला ठाऊक आहे."

म्हातारा तुर्सुनकुल टेबलावर हात आपटून ओरडला, "माझ्या सख्ख्या मेव्हण्यानं मला घरात घेतलं नाही! म्हणाला, शेरिपोवच्या माणसाला माझ्या दारात जागा नाही. सत्तराव्या वर्षी हे ऐकायचं?"

"तुझा मेव्हणा तुला आधीही घेत नव्हता. तेव्हा कारण वेगळं होतं."

मग आरडाओरडा सुरू झाला. कुणी त्याला हेकट म्हणालं, कुणी बहिरा. त्यानं प्रत्येकाला तिथल्या तिथे सुनावलं, आणि प्रत्येक उत्तरासरशी एकेक माणूस त्याच्यापासून आणखी लांब गेला. आपली बाजू मांडायचा तो प्रयत्नच करत नव्हता.

किलिचबेकनं उलकानकडे पाहिलं. आदल्या दिवशीच त्यानं तिला गाठलं होतं. 'एजे,' म्हणजे ताई, अशी हाक मारून तो म्हणाला होता, 'तुम्ही बोला. तुम्हाला कसला लोभ नाही, हे सगळे जाणतात.' ती उभी राहिली.

"माझ्या गावात एक बाई नातवंडांना घेऊन गोठ्यात झोपते," ती म्हणाली. "गायींच्या अंगाची ऊब मिळते म्हणून. तुमच्या कायद्यानं तिला तिथे नेलं. आणि तुम्ही या हिवाळ्यात एकदाही तिकडे फिरकला नाहीत."

"मास्तरीणबाई, एक हिशेब करा. नोव्हेंबरात या गटातून किती हात वर झाले होते?"

उत्तरासाठी तो थांबला नाही.

"एकोणीस. त्यात एक तुमचा होता."

"तुम्ही मागे वळून नजर रोखलीत म्हणून."

"मग डोळे मिटून घ्यायचे होते."

तो माणूस खोटं बोलत नव्हता, याचाच तिला जास्त संताप आला. ती खाली बसणार होती, पण तेवढ्यात एक गोष्ट मनात आली आणि ती किलिचबेककडे वळली.

"तू गटनेता झालास तर कायदा मागे घेणार ना?"

"एजे, तो आजचा विषय नाही."

"मग आजचा विषय काय?"

"चेहरा. लोकांना हा चेहरा नकोय. दरांचं पुढे बघू, सवडीनं."

"बघू म्हणजे काय? हो की नाही?"

"तुम्ही वर्गात नाही आहात, एजे," तो हसून म्हणाला. बाकीचे टेबलाकडे बघत राहिले. तेव्हा उलकानला कळलं, की या खोलीत गोठ्यातल्या बाईचा विषय कुणाचाच नव्हता.

मतदान झालं. काढण्याच्या बाजूनं बारा, विरुद्ध सात. उलकानचा हात बारांत होता. मग नव्या नेत्यासाठी किलिचबेकचं नाव पुकारलं गेलं. मघाच्या सातांतले सहाही आता लगबगीनं त्याच्या बाजूला आले. दोनच हात खाली राहिले, दोलोतबेकचा आणि तिचा.

"एजे?" किलिचबेकचा आवाज गार पडला होता.

"नाही."

दुसऱ्या दिवशी ती कायदा रद्द करण्याचं विधेयक लिहून दोलोतबेककडे गेली. एकटीच्या नावावरही ते देता आलं असतं, पण एका नावाला विचारतो कोण? तो कपाटातली पुस्तकं खोक्यात भरत होता. त्यानं कागद वाचला आणि परत दिला.

"सही करणार नाही. कायदा बरोबर आहे. धरणावरची यंत्रं माझ्या वयाची झालीत. या वाढीव दरांच्या पैशानं ती बदलली नाहीत, तर एखाद्या हिवाळ्यात अख्खा देश काळोखात बसेल. मग गोठाही पुरायचा नाही."

"हे आम्हाला का नाही सांगितलंत? लोकांना का नाही?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही हात वर केला असता?"

तिनं खरं तेच सांगितलं. "नसता केला."

"म्हणून नाही सांगितलं."

"आणि म्हणूनच तुम्हाला काढलं," उलकान म्हणाली. "मी काढलं. मला पश्चात्ताप नाही."

"चला, दार ओढून घ्या. गारठा येतोय."

तिनं विधेयक एकटीच्या सहीनं दिलं. आठवड्याभरात तिला शिक्षण समितीतून काढलं, आणि निवडणुकीच्या यादीत तिचं नाव नसेल, असा निरोप आला.

शनिवारी ती आत्बाशीला गेली. संस्कृती भवनात माणसं अंगावरचे ओव्हरकोट न काढताच बसली होती. हीटर बंद होते. ती मंचावर चढली.

"गटनेता बदललाय," ती म्हणाली. "कायदा तोच आहे. आणि त्याच्यासाठी नोव्हेंबरात मीही हात वर केला होता. कुणी विचारायच्या आधी सांगते."

क्षणभर कुणाला खरं वाटेना. मग मागून एक बाई किंचाळली, "आणि वर तोंड करून सांगतेस?" पुढच्या रांगेतला, एकेकाळी तिच्याच वर्गात बसणारा एक ट्रकचालक उठला. त्याची टोपी हातात चुरगळली होती. "मास्तरीणबाई, तुम्ही आम्हाला एका चुकीसाठी अख्खं पान पुन्हा लिहायला लावायचात. आता तुमचं काय करायचं?"

"लिहितेय," ती म्हणाली. "पण एकटीच्या सहीनं होत नाही. मला तुमच्या सह्या हव्यात. बाकीच्या अठरा खासदारांपुढे ठेवायला."

"सह्या नाही, शिव्या घ्या!" कुणीतरी ओरडलं, आणि मग सगळेच ओरडू लागले. उलकान मंचावरून उतरली नाही. ती कागद हातात धरून, लोक ओरडून दमेपर्यंत उभी राहिली.