कुलूचा भोपळा आणि अडलेले नाव

मित्रांनो, मी नुपे लोकांच्या बिडा गावचा एक जुना भोपळा आहे. भाजीचा नव्हे, वाजवायचा. माझा वेल गाणाऱ्या कुलूच्या आईच्या छपरावर चढला होता. कुलूने मला वाळवले, चिरले, आतला गर खरवडला आणि तेल चोळले. मग मांडीवर पालथे घालून अंगठ्या घातलेल्या बोटांनी वाजवले. मला कंठ फुटला तो तेव्हा.

आम्ही दोघांनी नुपे लोकांची किती लग्ने, किती बारशी गाजवली! कुलू त्या त्या घरातल्या जित्या आणि वारलेल्या थोरांची नावे गाऊन सांगे. ज्याचे नाव राहिले तो दाराबाहेरच राहिला, असे आमच्याकडे मानतात. त्यामुळे जेवताना तिच्या पानात माशाचा मोठा तुकडा पडे.

पुढे तिला खोकला जडला. बोलावणी आटली. तिची मुलगी सारातू हिने माझ्यात बाजरी भरली. भोपळा बडवून चूल पेटत नाही, असे ती म्हणे. मी बाजरी पोटात घेऊन कोपऱ्यात बसून असे.

अशात काचेचे मणी ओतणाऱ्या हव्वाऊला नातू झाला. बारशाला कुलूच हवी, असा म्हातारीने हट्ट धरला. बाजरी काढून, मला फडक्याने पुसून कुलू गेली. सोबतीला आलेली सारातू मागे बसली. नावे ओळीने आली आणि एका जागी तिचा हात थांबला. हव्वाऊच्या वारलेल्या नवऱ्याचे नाव तिला आठवेना.

हव्वाऊचे डोळे भरले. पण बायको नवऱ्याचे नाव घेत नाही, सुना सासऱ्याचे घेत नाहीत. आम्ही सोडून अंगणात बसलेल्या साऱ्या त्याच घरच्या सुना. सांगणार कोण? तो बापडा नातवाच्या बारशाला बाहेरच राहणार होता.

तेवढ्यात मागून आवाज उठला, “याबागी! भट्टीला झोपू न देणारा याबागी!”

ती सारातू होती. कुलूची बोटे पुन्हा माझ्यावर नाचू लागली. हव्वाऊने पदराने तोंड झाकले.

वाटेत कुलू म्हणाली, “तुला कुठून गं ठाऊक?”

“तू रोज झाडताना घराघरांतली नावं गुणगुणायचीस, आई. कान बंद करून का मी भांडी घासत होते?”

“मग इतकी वर्षं तोंडात काय धरलं होतंस?”

आता सारातू मला मांडीवर घेते. कुलू शेजारी बसून तिच्या चुका काढते.

मित्रांनो, माझ्यासारख्याला तेल लावा, हाताळा, वाजवा. पण घरातले म्हातारे माणूस गुणगुणत असेल, तर आधी त्याच्याजवळ बसा. ते गेल्यावर मला विचाराल, तर मी नुसता ठेका देईन. नावे मला येत नाहीत.