लाल पापुद्रा

"मास्तर, खोकला आला तर आधी सुरी उचला, मग खोका," साहेब म्हणाले.

मास्तर हसले नाहीत. हसलं की हात हलतो. पलंगाएवढ्या काचेच्या टेबलावर आडवी फळी टाकून ते तिच्यावर पालथे पडले होते. पायांत नुसते धुतलेले मोजे. काचेखाली दिवे, काचेवर लाल फिल्म. ही फिल्म दुपदरी होती. खाली जाड, पारदर्शक पदर आणि वर लाल पापुद्रा. सुरीनं लाल तेवढा कापायचा, खालच्याला ओरखडाही उठता कामा नये. मग समोर बसलेली धाकटी कापलेले तुकडे चिमट्यानं अलगद सोलून काढायची. खात्यात वयानं सगळ्यांत लहान म्हणून ती धाकटी.

अशी कापलेली, विजेच्या वाटांची चित्रं फोटो काढून लहान लहान करत न्यायची आणि नखापेक्षाही छोट्या सिलिकनच्या तुकड्यावर उतरवायची, असं ते काम होतं. खोलीभर कपाटांचा कॉम्प्युटर जे गणित करतो, ते त्या एवढ्याशा तुकड्यानं करावं, हे साहेबांनी मनावर घेतलं होतं. 'मायक्रोप्रोसेसर' हा शब्द मास्तरांच्या जिभेला कधी वळला नाही. ते त्याला आपले 'नग' म्हणत.

मास्तर मूळचे शिंपी. तयार कपड्यांची दुकानं आली आणि त्यांच्या दुकानात माशा फिरू लागल्या. त्या दिवसांत साहेब एकदा पँट न्यायला आले आणि मास्तरांना कापड कापताना बघत उभेच राहिले. पँट तिथेच विसरून गेले. दुसऱ्या दिवशी परत आले, ते नोकरी घेऊन.

"कापड नाही, दोरा नाही, मग शिवता तरी काय?" बायकोनं विचारलं होतं.

"मी नुसतं कापतो."

"आणि शिवतं कोण?"

मास्तरांनी बराच विचार केला. "फोटो," ते म्हणाले.

बायकोनं शेजारणीला सांगून टाकलं, की यांना फोटोच्या दुकानात नोकरी लागली.

पहिला नग तयार होऊन आला त्या सकाळी सगळं खातं साहेबांच्या टेबलाभोवती जमलं. छोट्या पडद्यावर एक हिरवी रेघ होती. नग चालला की ती उड्या मारणार होती. साहेबांनी बटण दाबलं. रेघ आडवीच राहिली. दुसरा नग लावला, तिसरा लावला. कोणी कोणाकडे बघेना.

साहेब कितीतरी दिवस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले, तेव्हा दोष सापडला. चित्रात एका जागी जी खिडकी उघडी हवी होती, ती बंद होती. फिल्मचा एक तुकडा सोलायचाच राहून गेला होता.

"सोलायला कोण होतं?" मॅनेजरनं दारातूनच विचारलं आणि उत्तराची वाटही न बघता तो निघून गेला. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला.

मूळ फिल्म कपाटातून काढून आणायला मास्तरांना पाठवलं. त्यांनी ती टेबलावर अंथरली, दिवे लावले आणि त्या जागेवरून नख फिरवलं. नख तीन बाजूंनी गेलं आणि चौथ्या कोपऱ्याशी अडलं. सुरी कोपऱ्याच्या केसभर आधीच उचलली गेली होती. रेघ पुरी झालेलीच नव्हती, मग तुकडा सुटणार कसा?

कापलं होतं त्या दिवशी ऐन दुपारी निरोप आला होता, 'मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत.' हात तिथेच थांबला असणार.

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. सुरी बोटांतच होती. केसभर रेघ ओढली असती, तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. घरी तान्ही पोर होती आणि दुकानाला कुलूप लागलेलं होतं. मास्तरांनी सुरीला टोपण लावलं आणि साहेबांना हाक मारली.

"साहेब, धाकटीचा दोष नाही. इथं बघा. माझी सुरी कमी पडली."

साहेब वाकून बघत राहिले. "तपासून सही मी केली होती, मास्तर," एवढंच बोलून ते मॅनेजरच्या खोलीत गेले. दार लागलं. आतून आवाज चढल्याचं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. बाहेर आले ते बाह्या दुमडतच.

"चला, पुन्हा पहिल्यापासून."

आत काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण त्या आठवड्यात त्यांची केबिन गेली. त्यांचं टेबल फिल्मच्या खोलीत, मास्तरांच्या पायथ्याशी येऊन पडलं. तिथं बसून ते बेसूर गायचे. "साहेब, गाण्यानंही हात हलतो हो," मास्तर वरून ओरडायचे आणि धाकटी तोंडावर रुमाल धरायची.

पुढच्या वेळी हिरवी रेघ उडाली. धाकटीनं किंचाळून चिमटा फेकला. साहेबांनी मास्तरांना उचलायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही. पुढच्या फिल्मच्या कडेला इंजिनियर मंडळींनी आपापल्या नावाची अक्षरं घातली, तेव्हा साहेब म्हणाले, "मास्तर, तुमचंही घाला."

"शर्टावर मी कधी सही केली नाही, साहेब. अंगाला बसला की झालं."

नग जगभर गेला. वजनकाट्यांत, लिफ्टमध्ये, रस्त्यावरच्या दिव्यांत. आणि मग एक दिवस फिल्म कापणारं मशीन आलं. त्याच्याही पोटात नगच होता. आता हातानं कापायचं काम संपलं, हे साहेबांना कसं सांगावं ते सुचेना. मास्तर मात्र टेबलाशी उभे राहून त्याचं काम टक लावून बघत होते. मशीननं एक नागमोडी वळण घेतलं आणि कोपऱ्याशी चोख थांबलं.

"हात चांगला आहे याचा," ते म्हणाले. घरी जाताना मात्र ते आपल्या गल्लीच्या पुढे निघून गेले आणि बऱ्याच वेळानं मागे वळले.

त्यांनी दुकान पुन्हा उघडलं. नवे कपडे शिवायला कोणी येत नसे, म्हणून आल्टरेशनचं काम धरलं. त्यावर पोरीचं शिक्षण झालं, लग्न झालं. बायको काउंटरशी बसून मापं लिहून घेऊ लागली. अशी कितीतरी वर्षं गेली.

"मास्तर, वेळ आहे का?"

आवाज ओळखीचा होता. वर बघितलं तर माणूस अनोळखी. साहेब निम्मे झाले होते. हातात काळा कोट होता.

"नातीचं लग्न आहे. हा अंगावर लोंबतोय. डॉक्टर म्हणतात, खा. पण जात नाही काही."

बायकोनं लगबगीनं खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. साहेब दम खाऊन म्हणाले, "आपला नग बंद झाला, मास्तर. या महिन्यात कारखान्यानं शेवटचा माल काढला."

"इतकी वर्षं चालला?"

"चालला की. वाटलं होतं का तुम्हाला?"

"मला तर तो पहिल्यांदा चालेल असंही वाटलं नव्हतं."

साहेब मोठ्यानं हसले. हसता हसता खोकू लागले. खोकला थांबल्यावर म्हणाले, "नंतर मला मोठ्या केबिनी मिळाल्या. पण गाणं काही कुठे म्हणता आलं नाही."

"तुम्ही कुठेच म्हणायला नको होतं," मास्तर म्हणाले.

मग मास्तरांनी टेप घेतली. छाती, पोट, खांदे. टेपची टोकं फार लवकर जुळत होती.

"किती हो?" बायकोनं पेन उचलून विचारलं.

"राहील माझ्या लक्षात," मास्तर म्हणाले.

रिक्षात बसवून देईपर्यंत त्यांनी साहेबांचा हात धरला होता. परत येऊन त्यांनी कोट उसवला, दोन्ही बाजूंनी आत घेतला. आत ओंजळभर कापड जास्तीचं उरलं.

"अहो, एवढं कापड आत ठेवलं तर फुगेल," बायको म्हणाली. "छाटून टाका ना."

मास्तरांनी कात्री बाजूला सारली. ते कापड त्यांनी सपाट दुमडलं, वरून इस्त्री फिरवली आणि मशीनवर न घालता हातानं, सहज उसवता येतील असे लांब लांब टाके घालू लागले.

"राहू दे आत," ते म्हणाले. "अंगानं भरले, की सोडता येईल."

त्यांच्या सुईतला दोरा संपत आला, तेव्हा बायकोनं दुसरी सुई ओवून पुढे केली.