पंचफुलाची सुटी

वाशीमच्या मिशन दवाखान्यात नर्सिंग शिकायला लागल्यापासून मी पहिल्यांदाच जऊळक्याला घरी आले. मला फक्त झोपायचं होतं. पण पाय धुते न धुते तोच अर्धं गाव दारात! कुणाचा गुडघा, कुणाचा कान. थकलेलं माणूस दिसतच नाही यांना.

मायनं सगळ्यांना हाकललं. "निजू द्या पोरीले!"

मी आडवी झाले. मायनं दार आतून लावलं आणि उशाशी येऊन बसली.

"पंचफुला, जागी हायेस काय वं?"

माझा हात धरून तिनं चोळीच्या आत नेला. सुपारीएवढी टणक गाठ हाताला लागली.

"दिवाळीपासून हाये. तू शिकून येशीन म्हनून थांबली होती."

दवाखान्यातल्या मड्डमनं आम्हाला अजून नुसते बिछाने घालायला शिकवलं होतं.