लाल ठिपक्याचं कार्ड

मेमरी कार्ड नेहमी कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावं, पुसून कोरं करावं, आणि पहिला फोटो काढायच्या आधी करावं. हा नियम आमच्या ग्रुपला मी घालून दिला. कुणी विचारलं नव्हतं, पण न विचारता सांगायची मला सवय आहे. एकवीस वर्षं बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसलं की वाटायला लागतं, बाहेरच्या प्रत्येक माणसाने फॉर्म चुकीचाच भरलेला असणार.

ग्रुप म्हणजे आम्ही चौघं. २००९ सालची गोष्ट आहे ही. दर रविवारी सकाळी सहाला कर्वेनगरच्या एका अमृततुल्यमध्ये चहा प्यायचा आणि मग खडकवासल्याला पक्ष्यांचे फोटो काढायला जायचं. तात्याराव आमच्यात सगळ्यांत मोठे. सरकारी नोकरीतून निवृत्त, जवळ तीन ट्रायपॉड आणि सहा लेन्स, वर्षभरात काढलेले फोटो सतरा. लेन्सना बुरशी लागू नये म्हणून ते त्या तांदळाच्या डब्यात ठेवत, आणि त्यांच्या बायकोला त्या तांदळाचा भात करायची परवानगी नव्हती. अभिनव हिंजवडीतल्या कंपनीत होता. त्याच्याकडे फोटोशॉप होतं. ते कुठून आलं हे विचारायची पद्धत नव्हती. आनंदही आयटीतलाच, टेस्टिंगमध्ये. मूळचा वर्ध्याचा. बोलायला कमी, आणि मी सांगितलेलं सगळं ऐकणारा एकटा तोच.

आनंदचा आणि माझा कॅमेरा एकच, कार्डंही एकाच कंपनीची, चार जीबीची. म्हणून मी माझ्या प्रत्येक कार्डाच्या मागे लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला होता. तात्यारावांनी एकदा माझ्या लेन्सचं झाकण खिशात घालून नेलं होतं, तेव्हापासून माझा कुणावरच विश्वास नव्हता.

त्या रविवारी आनंद फक्त चहापुरता आला. वर्ध्याहून त्याचे वडील आले होते आणि आदल्या दिवशी तो त्यांना धरणावर घेऊन गेला होता.

"ताई, बाबांचे फोटो काढले," तो म्हणाला. "पहिल्यांदाच."

"पहिल्यांदा म्हणजे?"

"त्यांचा एकच फोटो आहे, तार ऑफिसच्या ओळखपत्रावरचा. आईचा तर तोही नाही. ती गेली तेव्हा भिंतीवर लावायला काही नव्हतं. खरं सांगायचं तर कॅमेरा मी बाबांसाठीच घेतला."

अभिनवने लॅपटॉप उघडला. आनंदचं कार्ड घातलं, दोन-तीन फोटो पाहिले. तपकिरी कोट घातलेला एक सडसडीत म्हातारा, मागे धरणाची भिंत, आणि तो मनापासून हसत होता. त्या हसण्याबद्दल मी काय बोलले? म्हणाले, "क्षितिज तिरकं आलंय." तात्यारावांनी ह्या उजेडाला कोणती लेन्स हवी होती ते सांगायला घेतलं. तेवढ्यात चहा आला. अभिनवने लॅपटॉप मिटला, कार्ड टेबलावर ठेवलं. माझं एक रिकामं कार्डही तिथेच होतं, मी पिशवीतून बॅटरी शोधताना काढून ठेवलेलं. आनंद घाईत होता. त्याने एक कार्ड उचललं आणि गेला. उरलेलं मी उचललं.

धरणावर पोचल्यावर मी कार्ड कॅमेऱ्यात घातलं आणि सवयीने फॉरमॅट केलं. बदकं चांगली जवळ आली होती. दोनशे बारा फोटो काढले.

सोमवारी पहाटे आनंदच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, हातपायही हळूहळू हलायला लागले, पण चेहऱ्याची उजवी बाजू खाली ओढली गेली ती तशीच राहिली. आठवडाभर हॉस्पिटलच्या खेपा झाल्यावर आनंदने फोटो बघायला कार्ड काढलं, तर ते रिकामं.

पुढच्या रविवारी तो चहाला आला तेव्हा दाढी वाढलेली होती. "बहुतेक माझाच हात लागला असेल," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, चेहरा आता असाच राहील."

आणि मी त्याला झापलं. आता आठवलं की स्वतःच्याच मुस्कटात द्यावीशी वाटते. "बॅकअप नाही म्हणजे फोटोच नाही, हे मी किती वेळा सांगितलं? शनिवारचे फोटो शनिवारी कॉम्प्युटरवर उतरवायला काय झालं होतं?" तो मान खाली घालून बसला. मग मी जरा मऊ झाले आणि दुसरा नियम सांगितला. "फॉरमॅट झालं तरी फोटो आत असतात. फक्त त्या कार्डावर आता एकही क्लिक करू नको. नवा फोटो पडला की जुना कायमचा पुसला जातो. अभिनव ऑनसाइटवरून आला की त्याच्या सॉफ्टवेअरने काढून देईल." अभिनव बुधवारीच महिनाभरासाठी अमेरिकेला गेला होता.

"एकही क्लिक नाही," आनंद म्हणाला.

आणखी दोन रविवार मी फक्त तात्यारावांबरोबर धरणावर गेले. दोन्ही वेळा कार्ड फॉरमॅट केलं, बदकं काढली. त्यातल्या दुसऱ्या रविवारी घरी येऊन कार्डं फडक्याने पुसून डबीत ठेवत होते. एक कार्ड उलटं केलं, तर मागे ठिपका नव्हता.

आधी वाटलं निघाला असेल. नखाने खरवडून पाहिलं. रंगाचा कणही नव्हता. मग मी पलंगावर बसले आणि हिशेब केला. तीन वेळा फॉरमॅट, वर पाचशेच्या पुढे बदकं. आनंदच्या घरी जे कार्ड जपून ठेवलं होतं ते माझं होतं.

तेव्हाच फोन करायला हवा होता. मी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. सगळ्यांना शिस्त शिकवणारी बाई कोणत्या तोंडाने सांगणार? दुसरी भीती त्याहून वाईट होती. अभिनव परत येऊन आनंदचं कार्ड तपासणार, आणि आतून माझे जुने फोटो बाहेर येणार.

अभिनव आला त्याच दिवशी मी त्याला गाठलं आणि सगळं सांगितलं. त्याने माझ्याकडचं बिनठिपक्याचं कार्ड लॅपटॉपमध्ये घातलं, सॉफ्टवेअर लावलं. दोन तास बदकं येत राहिली. शेवटी एक फाइल अर्धवट आली. वर आभाळाची पट्टी, धरणाची कड, मग पांढरे केस आणि भुवयांपर्यंत कपाळ. खाली सगळं राखाडी.

"ताई, सॉरी, बस इतकंच आहे," अभिनव म्हणाला. मग म्हणाला, "बट एक करता येईल. काकांचा आत्ताचा फोटो मिळाला तर डावी बाजू चांगली आहे ना? ती फ्लिप करून उजवीकडे लावायची. मागे धरण टाकू. कोणाला कळणारपण नाही."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "कोट तपकिरी होता."

दुसऱ्या दिवशी मोसंबी घेऊन आनंदच्या घरी गेले. तो ऑफिसला होता. वडिलांची सेवा करायला त्याची बहीण अपेक्षा आली होती. त्याच्या वडिलांना, सीतारामजींना, कोट घालायला लावला, खिडकीपाशी बसवलं आणि चार फोटो काढले. त्यांनी काही विचारलं नाही. शब्द जाड येत होते, पण बोलत होते. "इतकी मोसंबी काहून आणली?" एवढंच म्हणाले.

अभिनवने काम सुंदर केलं. मी स्क्रीनवर चेहरा मोठा करून करून कडा तपासल्या, उजेड कुठून येतो ते पाहिलं, कोटाच्या कॉलरवरची सावली दोनदा गडद करायला लावली. आनंदला काय सांगायचं तेही ठरवलं: त्या दिवशी फोटो बघताना एक अभिनवच्या लॅपटॉपवर उतरला होता. म्हणजे मग कार्ड तपासायची गरजच नाही. मोठी प्रिंट काढली, फ्रेम केली, आणि शनिवारी संध्याकाळी कर्वेनगरला आनंदच्या घरी गेले.

त्या शनिवारीही त्याला ऑफिस होतं, तो अजून यायचा होता. सीतारामजी खाटेवर तक्क्याला टेकून बसले होते. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्या शेजारी एक रिकामा खिळा. अपेक्षा चहा टाकायला आत गेली. मी फ्रेम त्यांच्या मांडीवर ठेवली.

"सापडला एक फोटो," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं डोळे भरून आले असतील. मग त्यांनी डावा हात उचलून स्वतःचा डावा कान चाचपला, मग उजवा.

"बाई," ते म्हणाले, "तारा वाटायच्या नोकरीत एकदा सायकलीवरून काट्याच्या कुंपणात पडलो होतो. डाव्या कानाची पाळी फाटली. ह्या फोटोत दोन्ही फाटल्या."

मी वाकून पाहिलं. डाव्या कानाच्या पाळीला खाच होती, आणि उजव्या कानाच्या पाळीलाही तशीच. सावल्या तपासल्या, कडा तपासल्या, पण माणसाचा कान काही मी पाहिला नव्हता.

"हा मी नव्हं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "हा दिसाले बरा हाये. पण मी नव्हं."

मग मात्र मी सगळं सांगितलं. टेबलावरची दोन कार्डं, ठिपका, बदकं, अभिनव. सारवासारव करायची ताकदच उरली नव्हती. लाज वाटत होती, आणि ती लपवायची इच्छाही संपली होती. बँकेत एवढी वर्षं काढली, पण कुणासमोर असे हात जोडून बसले नव्हते. शेवटी पर्समधून ती अर्धवट फोटोची प्रिंट काढून त्यांना दिली.

त्यांनी ती पाहिली. राखाडी भागावर अंगठा फिरवला.

"म्हणजे तो फोटो गेलाच," ते म्हणाले.

"हो."

"त्या दिवशी मी हसलो होतो. आनंद म्हणे, बाबा, अजून एकदा तसंच हसा. पुन्हा काही जमलं नाही." त्यांनी चष्मा काढला. "आनंदले सांगतलं का?"

"नाही."

"तो रोज कामावरून येते न, तर आधी ते कार्ड काढून पाहते. अन् पुन्हा डब्बीत ठेवते. जेवत नाही नीट. त्याले वाटते, त्यानंच घालवला." त्यांनी फ्रेम उलटी करून बाजूला ठेवली. "मले सांगून काय फायदा? त्याले सांगा."

चहा गार झाला तरी मी तिथेच बसून राहिले. साडेसातला आनंद आला. खांद्यावर लॅपटॉपची बॅग, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. मला पाहून म्हणाला, "ताई, अभिनव आलाय ना? उद्या कार्ड आणू का?"

"आधी बस," मी म्हणाले, आणि सांगितलं. मधे थांबले नाही. फ्रेम दाखवली, कानही दाखवला.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने बॅग खाली ठेवली. अर्धवट प्रिंट हातात घेऊन उभा राहिला.

"तुम्ही काय काढलं होतं त्यावर?" त्याने विचारलं.

"बदकं."

"किती?"

"त्या दिवशी दोनशे बारा."

"चांगली आली?"

इथे खोटं बोलता आलं असतं. "एक," मी म्हणाले. "बाकीची हलली आहेत."

त्याने मान हलवली. कपाट उघडलं. कपड्यांच्या मागून एक स्टीलची डबी काढली. आत सिलिका जेलच्या दोन पुड्या, त्यांवर पांढरा कापूस, आणि कापसात कार्ड. त्याने ते उलटं केलं. लाल ठिपका बल्बच्या उजेडात स्पष्ट दिसत होता. तो आधी कधी त्याच्या नजरेत आला नव्हता, किंवा आला असला तरी त्याचा अर्थ त्याला माहीत नव्हता.

त्याने कार्ड माझ्या तळहातावर ठेवलं.

"तुम्ही सांगितलं तसं केलं, ताई," तो म्हणाला. "महिनाभरात एकही क्लिक केला नाही त्यावर."