अस्तरातलं शिसं

लठ्ठपणावरच्या नव्या इंजेक्शनची चाचणी दवाखान्यात सुरू झाली, तेव्हा पडदे शिवणारी बाई पहिल्याच दिवशी गेली. जिना चढताना तिचे गुडघे जीव नकोसा करत. पण चाचणीत घ्यायला तिचं वजन अडीच किलोंनी कमी पडलं. आयुष्यात पहिल्यांदाच कमी!

"नियम आहे, ताई," नर्स हळहळली.

आठवड्याने ती पुन्हा गेली. पडदा नीट लोंबावा म्हणून खालच्या पट्टीत शिशाच्या चकत्या घालतात. तसल्या चकत्या तिने अंगावरच्या कपड्याच्या अस्तरात शिवल्या होत्या. नर्सने आकडा लिहिला, खाली सही केली. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना नुसतं पाणी. कोणाला काय, हे नर्सलाही ठाऊक नव्हतं.

महिन्याने हृदयाची तपासणी होती, म्हणून वजन करायच्या आधीच गाऊन घालायला लावला. वजन चार किलोंनी उतरलेलं! नर्सने टाळ्या वाजवल्या, बाकावरच्यांनीही वाजवल्या. बाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तीही कसनुसं हसली.

बाकावर चाचणीतलेच एक निवृत्त पोस्टमन होते. त्यांचा काटा जागचा हलला नव्हता.

"ताई, तुम्ही खाता तरी काय?"

"काही नाही हो विशेष," ती पुटपुटली.

त्यातलं 'काही नाही' तेवढं त्यांनी उचललं. पुढच्या खेपेला ते आले नाहीत. तीन दिवस उपाशी राहून ते रस्त्यात कोसळले होते, कपाळाला सात टाके पडून दवाखान्यातच वरच्या मजल्यावर दाखल होते. हे ऐकल्यावर मात्र बाईने नर्सला सगळं सांगून टाकलं.

"त्या आकड्याखाली माझी सही आहे," नर्स म्हणाली. आवाज चढला असता तर बरं झालं असतं. "औषधाने किती उतरलं आणि शिशाने किती, आता कोण सांगणार?"

बाईचं नाव कमी झालं. आत डॉक्टर नर्सला फैलावर घेत होते. दाराबाहेर बसून बाईने शब्दन् शब्द ऐकला. मग ती वरच्या मजल्यावर पोस्टमनच्या खाटेपाशी गेली आणि खाली मान घालून तेच सगळं पुन्हा बोलली.

पोस्टमन उशीला टेकून उठून बसले.

"म्हणजे माझ्यातच खोट आहे असं नाही," ते म्हणाले. "घरचे सगळे मला हावरा म्हणत होते. मलाही तसंच वाटायला लागलं होतं."

त्यांनी शेजारच्या बशीतली पोळी जवळ ओढली. बाईला काही वर बघवेना.